खर्ड्यातली गोळी

सव्वीस वर्षं मी कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेत औषधाचं दुकान चालवते. मूळव्याधीचं मलमसुद्धा आमची माणसं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मागतात. जुलाब, खरूज, साखर, कशाचीच लाज नाही. फक्त एका औषधासाठी गिऱ्हाईक दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर घुटमळतं, मग चिठ्ठीची घडी न उलगडता पुढं सरकवतं आणि म्हणतं, "शेजारच्यांसाठी हाय." इतक्या शेजाऱ्यांची मनं बिघडलेली असताना ही पेठ चालते कशी, याचं मला नवल वाटतं.

तानाबाई खोटं बोलत नव्हती. ती खरोखरच दुसऱ्यासाठी गोळ्या न्यायची, नवऱ्यासाठी. फक्त त्या नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

तानाबाई शेचाळीस वर्षांची, रुंद हाडाची, धपाधप चालणारी बाई. नवरा सयाजी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर. लोखंड वितळवायचं आणि साच्यांत ओतायला द्यायचं, हे काम तो अठ्ठावीस वर्षं करत आलाय. मूलबाळ झालं नाही. त्यावरून सासू असेपर्यंत तिनं काय काय ऐकून घेतलं ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. घर दोघांचंच, म्हणून तिनं खानावळ घातली. फौंड्रीतले सहाजण तिच्याकडं दोन वेळा जेवायचे. भाकरी, आमटी, रविवारी रस्सा, आणि रोज तव्यावर भाजून तांब्याच्या बुडानं रगडलेला मिरची-लसणीचा खर्डा. सयाजीचा खर्डा वेगळ्या वाटीत असायचा, कारण त्याला इतरांच्या दुप्पट तिखट लागायचं.

तीन वर्षांपूर्वी हा माणूस बसला. दुसरा शब्द माझ्याकडं नाही. सकाळी कामावर जायला निघायचा, एक बूट पायात चढवायचा आणि दुसरा हातात धरून तासभर कॉटवर बसून राहायचा. कारण काय, म्हणून सगळ्यांनी विचारलं. कारण नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, नोकरी गेली नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं. आमच्या लोकांना दुःखाला कारण लागतं, आणि ते मिळालं नाही की कारण तयार करतात. नजर लागली, करणी झाली, बायकोनं डोकं खाल्लं. हे शेवटचं सगळ्यांना लगेच पटलं.

मग एक दिवस तानाबाई भाकऱ्या थापत असताना तो तिला म्हणाला, "तानू, मी नसलो तर तुझं भागंल न्हवं?" तिनं तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली, दाराला आतून कडी घातली आणि त्या दाराला पाठ लावून बसली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ती पेठेतल्या एका डॉक्टरांकडं गेली. तिथून चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात आली. तिथून या गोष्टीत मी आले.

त्या चिठ्ठीवर जुन्या जातीची गोळी होती. ही कशी काम करते ते सांगायला मला आमच्या गल्लीचाच दाखला बरा पडतो. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडं निरोप जातो तो रसायनाच्या थेंबांनी. थेंब दोघींमधल्या फटीत पडतात, पलीकडचीला निरोप कळतो, आणि अलीकडची ते थेंब लगेच परत ओढून घेते. नळाला पाणी आलं की वरच्या मजल्यावरची मोटर सगळं खेचून घेते ना, तसं. डिप्रेशनवरच्या बहुतेक गोळ्या ही मोटर बंद करतात. थेंब फटीत जास्त वेळ टिकतात. मग माणसाला बरं वाटायला चार-सहा आठवडे का लागतात, हे शहाण्यांनाही अजून नीट सांगता येत नाही, पण लागतात खरे.

जुन्या जातीची गोळी मोटर बंद करते, पण तिच्याबरोबर घरातली दुसरी चार बटणंही बंद करते. तोंडाला कोरड पडते, पोट गच्च होतं, लघवी अडते, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि घाम कमी होतो. दुकानात बसणाऱ्याला घाम कमी आला तर तो खूशच होईल. पण सयाजी उभा असायचा वितळलेल्या लोखंडापुढं. तिथं घाम आला नाही तर माणूस आतल्या आत शिजतो. तो काय काम करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मीच पट्टी कापून दिली आणि "झोपताना घ्या" म्हणाले.

अकराव्या दिवशी भट्टीपुढं तो कोलमडला. मागच्या माणसानं कॉलरला धरून ओढलं म्हणून बाजूला पडला, नाहीतर पुढंच पडला असता. घरी आला, गोळ्यांची पट्टी गटारात फेकली आणि तानाबाईला म्हणाला, "परत ह्या घरात गोळी दिसली तर मी न्हाई दिसायचो." असल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य म्हणजे नुसती धमकी नव्हती. तिला ते कळलं.

ती माझ्याकडं आली तेव्हा तिच्या हातांना पीठ तसंच होतं. "म्याडम, मी काय करतो आता? सांगा की." आमच्याकडच्या बायका स्वतःला करतो-जातोच म्हणतात. मी तिला राजारामपुरीतल्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. झोपेचं औषध आणायचं म्हणून ती सयाजीला घेऊन गेली. तो आत चार वाक्यं बोलला. बाईंना तेवढी पुरली. त्यांनी त्याचं काम विचारलं, मागचं सगळं विचारलं आणि नव्या जातीची गोळी लिहून दिली. ही एकच मोटर बंद करते, बाकीच्या बटणांना फारसं शिवत नाही. सयाजी दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाला, "तूच खा."

चिठ्ठी घेऊन तानाबाई दुकानात उभी राहिली. चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग विचारलं, "ही गोळी ठेचली तर चालती काय?"

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. माणसाला न सांगता त्याच्या पोटात औषध घालणं चूक आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. ते मी परीक्षेत लिहून पास झालेय. पण दाराला पाठ लावून बसलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी म्हणाले, "चालते. कडू लागते पण." ती म्हणाली, "त्येची काळजी नगं. माज्या खर्ड्यात कडू कुणाला कळतंय?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, पेशंट गोळी घेतोय. पेशंटला वाटलं, बायकोनं नाद सोडला. आणि दर महिन्याला मी पट्टी देत राहिले. चोरून गोळी घालणाऱ्या आम्हा दोघींत मीच शिकलेली, म्हणून माझं पाप मी मोठं धरते.

पहिले पंधरा दिवस त्याला मळमळ झाली, पोट बिघडलं, जीव घाबरा व्हायचा. या गोळ्यांनी सुरुवातीला तसं होतं. त्यानं सगळा दोष खाटकावर घातला आणि मटणाचं दुकान बदललं. तानाबाई रोज धावत यायची आणि मी रोज तेच सांगायची, "दम धरा." तिसऱ्या आठवड्यात त्यानं दोन्ही बूट एका दमात घातले. पाचव्या आठवड्यात आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, बायकोला दोन शिव्या घातल्या. तानाबाई त्या दिवशी माझ्या दुकानात स्टुलावर बसून आनंदानं रडली. असा आनंद फक्त आमच्या बायकांच्याच नशिबी येत असेल.

बरा झालेला माणूस बरा कशानं झाला ते शोधतोच. सयाजीला गंगावेशीतला दुधाचा कट्टा सापडला. तिथं म्हशी उभ्या असतात, गवळी डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात देतो. हे तो लहानपणापासून प्यायचा, मध्ये सोडलं होतं, आता पुन्हा सुरू केलं. आणि त्याच सुमाराला बरं वाटलं. झालं. धारेचं दूध आणि घट्ट मन. दोन महिन्यांत त्याचं तत्त्वज्ञान तयार झालं, आणि पेला हातात घेऊन तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागला. "पावणं, मन आपल्या हातात असतंय. मी सोता उटलोय."

तानाबाई ऐकायची आणि भाकरी थापायची. एकदा मी चिडून म्हणाले, "अहो, निदान तुमचं नाव तरी घेतो का तो?" ती म्हणाली, "घेऊ दे की त्येचं नाव त्येला. हाय न्हवं माणूस?"

माणूस होता, पण सगळा नव्हता. या जातीच्या गोळीचा आणखी एक परिणाम आहे, जो आमच्याकडं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. इच्छा मरते. नवरा रात्री पाठ करून झोपतो आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. सयाजीनं त्यालाही घट्ट मनाच्या खात्यात टाकलं, संयम म्हणून. तानाबाईनं मला ते सांगितलं तेव्हा खोकल्याच्या बाटल्यांकडं बघून सांगितलं. मी म्हणाले, डॉक्टरीणबाई डोस बदलतील, दुसरी जातही आहे, झोप आणि भूक वाढवणारी, तिनं हा त्रास कमी होतो. त्यासाठी पेशंटला न्यावं लागेल. ती उठली. "ऱ्हाऊ दे. असला पायजे, एवढंच." शेचाळीस वर्षांची बाई. मला त्या दूधवाल्या तत्त्वज्ञाचा त्या दिवशी मनापासून राग आला.

आता श्रीशैलबद्दल. तानाबाईच्या खानावळीत जेवणाऱ्या सहाजणांतला हा एक. वय सत्तावीस, फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा. गाव कागलच्या पुढं, सीमेवरचं. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत कमीच बोलायचा. आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा आणि रोज सयाजीच्या मोटरसायकलवर मागं बसून शिरोलीला जायचा. सयाजीला मामा म्हणायचा, तानाबाईला मामी. मूल नसलेल्या घरात असा एखादा जेवणारा हळूहळू जेवणाऱ्यापेक्षा जास्त होतो. तानाबाई त्याला साय काढून ठेवायची.

तोही माझं गिऱ्हाईक होता. त्याच डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, पण वेगळी कॅप्सूल. ही तिसरी जात, दोन मोटरी एकदम बंद करणारी. हिनं घाम फार येतो, रक्तदाब वर चढू शकतो, आणि हिची एक खोड वाईट आहे. ही एकदम सोडता येत नाही. एक-दोन दिवस चुकली तरी चक्कर येते, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, मन सैरभैर होतं. सोडायची तर डॉक्टरला विचारून, थोडी थोडी कमी करत. मी त्याला दर वेळी हे सांगायची आणि तो दर वेळी मान डोलवायचा. चार महिन्यांत त्याला उतार पडला होता. एकदा तर काउंटरपाशी उभं राहून हसला, माझ्या मांजराला बघून.

मार्चमध्ये फौंड्रीत सुरक्षा सप्ताह झाला. दर वर्षी कुणीतरी साहेब हेल्मेटवर बोलतो आणि सगळे चहाची वाट बघतात. या वर्षी मॅनेजरला वाटलं, मनाच्या ताकदीवर आपल्याच माणसानं बोलावं. सयाजीला स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, माईक दिला. काय बोलला ते त्यानं मला नंतर स्वतः, कौतुकानं सांगितलं. "गोळ्या खाऊन मानूस गुंगतोय. मी धाबारा दिस खाल्ल्या, भट्टीत पडनार हुतो. फेकल्या गटारात. मन घट्ट केलं, धारंचं दूध धरलं. आज तुमच्यापुढं उभा हाय." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत श्रीशैल होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कॅप्सूल बंद केल्या आणि मामाबरोबर कट्ट्यावर दूध प्यायला जाऊ लागला.

तो चुकला होता असं मी म्हणणार नाही. डोळ्यांपुढं जिवंत पुरावा होता. मरायला टेकलेला माणूस गोळ्या फेकून उभा राहिला, हे त्यानं स्वतः बघितलं होतं, त्याच ताटाला ताट लावून जेवताना. फक्त शेजारच्या वाटीत काय होतं ते त्याला दिसत नव्हतं.

महिना भरला तरी तो कॅप्सूल न्यायला आला नाही. मी वाट बघितली, मग एका सकाळी गल्लीत अडवलं. डोळे खोल गेलेले. "सोडल्या म्याडम," तो म्हणाला. "मान वळवली की डोक्यात करंट मारतोय. मामा म्हणत्यात, इष निघालंय गोळ्यांचं. निघू दे म्हणत्यात." मी त्याला रस्त्यातच झापलं. ते विष नाही, औषध अचानक तोडल्याची लक्षणं आहेत, आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडं जा, असं सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा बरं झालं की, म्याडम."

त्याला वळवणारं एकच वाक्य जगात होतं आणि ते मला ठाऊक होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते गुपित तानाबाईचं, गिऱ्हाइकाचं, आपण कोण सांगणार, असा सोज्वळ विचार मी केला. नवऱ्याच्या पोटात चोरून गोळी जाताना हा विचार कुठं गेला होता, हे मला कुणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन मात्र केला. त्यांनी त्याला दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही.

मी थेट तानाबाईकडं गेले. "सांगा त्याला. सयाजी गोळीवर उभा आहे, हे त्याला सांगा. नाहीतर काहीतरी वाईट होईल." ती म्हणाली, "त्येला सांगटलं तर त्यो मामाला सांगणार. रोज त्येच्या पाठीमागं बसून जातोय. मग ह्यो गोळी सोडंल. मग?" दोघांना एकदम सांगायचं, डॉक्टरीणबाईंपुढं सांगायचं, हे मी सुचवलं. तिला ते पटलं. "सोमवारी सुट्टी असती. सोमवारी सांगतो."

मधल्या दिवसांत तिनं आपल्या परीनं एक प्रयत्न केला. सगळे जेवून उठल्यावर श्रीशैलला मागं ठेवलं आणि म्हणाली, "लेका, तू गोळ्या सोडू नगंस. मामाचं ऐकू नगंस." त्यानं विचारलं, "का वं मामी? मामा सोडूनच बरं झालं न्हवं?" बास, तिथं ते वाक्य पाहिजे होतं. तिनं तोंड उघडलं. मग त्याच्या ताटात आणखी भात वाढला. हे तिनं मला नंतर सांगितलं. तो भात त्यानं संपवला, हेही सांगितलं, पुन्हा पुन्हा.

सोमवार आला. त्या दिवशी सयाजी आपण होऊन तिला म्हणाला, चल, रंकाळ्यावर जाऊ. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिला गजरा घेऊन दिला, भेळ खाऊ घातली आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "तानू, माज्यापायी तू लई सोसलंस." आता अशा माणसाला ती काय सांगणार होती? तुम्ही स्वतः उठला नाहीत, मी तुम्हाला उठवलंय, तुम्हाला न विचारता? तिनं ठरवलं, उद्या सांगू. मंगळवारी त्याला ओव्हरटाइम होता. बुधवारी श्रीशैल गावाकडं गेला, आईला भेटायला म्हणून.

गुरुवारी दुपारी फौंड्रीत फोन आला. श्रीशैलनं जीव दिला होता.

सगळी फौंड्री हळहळली. पोरीबिरीचं लफडं असेल, कुणी म्हणालं. आमच्या लोकांना कारण लागतंच.

पंधरा-सोळा दिवसांनी त्याची आई, रत्नव्वा, खोली रिकामी करायला कोल्हापूरला आली. जाताना मामा-मामींना भेटायला त्यांच्या घरी गेली. खोलीतल्या त्याच्या गादीखाली तिला कॅप्सूलच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या होत्या. त्या कशाच्या ते तिला कळेना, म्हणून तानाबाईनं मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा सयाजी कॉटवर होता, नुकताच जेवून उठलेला. रत्नव्वा जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. साठीची, वाळलेली, कपाळावर विभूती. तिनं प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढं ओतली.

मी सांगितलं, या मनाच्या आजारावरच्या. चार महिने घेत होता. मग बंद केल्या.

"मीच सोडायला सांगटलं हुतं," सयाजी म्हणाला. आवाजात खोट नव्हती, दुःखच होतं. "पर अक्का, त्येला मन घट्ट लागतंय. मी किती सांगटलं त्येला. मनच कच्चं हुतं लेकराचं."

आणि रत्नव्वानं मान डोलवली. "व्हय अण्णा. धाकटा हुता तवापास्नं कच्चाच त्यो. तुमच्यासारकं त्येला जमलं न्हाई." मेलेल्या पोराच्या वतीनं ती माफी मागत होती. मी खाली पट्ट्यांकडं बघत राहिले.

तानाबाई चुलीपाशी उभी होती. ती पुढं आली आणि उभ्यानंच बोलली. "त्येचं मन कच्चं न्हवतं, अक्का. आनि ह्येंचं बी घट्ट न्हवतं. दोन वरसांच्या वर झालं, मी ह्येंच्या खर्ड्यात रोज गोळी घालतोय. म्याडमला इचारा."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणाले.

सयाजीनं विचारलं, "आज बी?"

"आज बी."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. ओठ पुसल्यासारखा. मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर गेला.

रत्नव्वाचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ती तानाबाईकडं बघत होती. "माज्या पोराला सांगटलीस तू हे?"

"न्हाई."

"का गं तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. अजूनही ती तिला बहीणच म्हणत होती.

तानाबाई म्हणाली, "ह्यो मरंल म्हनून."

रत्नव्वानं एकेक पट्टी उचलून पिशवीत भरली. गाठ मारली. भिंतीला हात लावून उठली आणि दारात वळून, कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुजा ऱ्हायला की मग." आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली. तिला सोडायलाही आम्ही कुणी गेलो नाही.

सयाजी त्या दिवसापासून घरी जेवत नाही. पाणीसुद्धा बाहेरून पिऊन येतो. तानाबाई रोज त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी म्हशीला घालायला शेजारी देते. चोरून काही करायचं तिनं बंद केलंय. गोळ्यांची पट्टी ती ताटाशेजारी उघडी ठेवते. पट्टीही तशीच राहते.

पाचव्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. दुपारची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तो बाहेर, रस्त्यावर उभा राहिला. ती गेल्यावर आत आला आणि काउंटर दोन्ही हातांनी धरलं. चेहरा पांढरा पडला होता.

"म्याडम, मान वळवली की डोस्क्यात करंट मारतोय."

मी हिशेबाची वही मिटली.

"असंच हुतंय काय? सोडली की?"

"हो. तुमच्या गोळीनं जरा कमी होतं. त्याच्या कॅप्सूलनं जास्त."

"जास्त," तो म्हणाला. मग काउंटरच्या काचेखालच्या साबणांकडं बघत बोलला, "माज्या गाडीवर मागं बसून सांगायचा त्यो. मामा, भ्या वाटतंय म्हनायचा. मी म्हनायचो, निघू दे इष." त्यानं लहान मुलासारखं बाहीनं नाक पुसलं. एवढा मोठा, भट्टीपुढं अठ्ठावीस वर्षं उभा राहिलेला माणूस.

मी विचारलं, खरं तर मला विचारायचं नव्हतं, पण राग होता. "तानाबाईनं तुम्हाला वेळेवर सांगितलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही?"

त्यानं विचार केला. खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," तो म्हणाला. "गटारात टाकली असती."

मी पट्टी काढून दिली, पाणी दिलं. त्यानं माझ्यासमोर गोळी गिळली. दोन वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं घेतलेली ती पहिली. डॉक्टरीणबाईंचा पत्ता पुन्हा लिहून दिला, उद्याच जा म्हणाले. तो हो म्हणाला. पट्टी त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात सारली, वरून चाचपून बघितली आणि पायरीवर थांबला. रस्त्याकडं दोन्ही बाजूंनी बघून घेतलं.

"म्याडम, एक करा," तो हळू आवाजात म्हणाला. "फौंड्रीत कुनाला कळू देऊ नगा."

श्रीशैलच्या जागेवर नवा मोल्डर आलाय म्हणे. तोही तानाबाईकडंच जेवतो. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि एक शिवीही आली.

मी मान हलवली. नाही सांगणार, म्हणाले.